जवळ्याएवढा जीव, सहाशे गरुड आणि एक खोटी माशी : कोकनी सॅमनची गोष्ट

१/
१९८१ सालचा शरद ऋतू. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात मॅकडोनाल्ड क्रीक नावाचा एक लहानसा प्रवाह आहे. त्याच्या काठच्या झाडांवर त्या हंगामात एका दिवसाच्या मोजणीत ६३९ बॉल्ड ईगल आढळले. पांढऱ्या डोक्याचा हा गरुड अमेरिकेचे राष्ट्रीय मानचिन्ह आहे, आणि त्या काळी तो देशाच्या बहुतेक भागांत दुर्मीळ झाला होता. येथे मात्र एकेका झाडावर दहा-दहा गरुड बसलेले असत. हा सोहळा पाहण्यासाठी दरवर्षी हजारो प्रवासी येत.

आठ वर्षांनी, १९८९ मध्ये, तेथे २५ गरुड उरले.

२/
कोणी बंदूक चालवली नव्हती, जंगल तोडले नव्हते, पाण्यात विषही मिसळले नव्हते. जे घडले त्याचे मूळ एका अगदी साध्या प्रश्नात आहे : मासा खातो काय? हाच प्रश्न पिसे आणि धागा घेऊन गळावर खोटी माशी बांधणारे लोक अठराशे वर्षांपासून विचारत आले आहेत. म्हणून ही गोष्ट गरुडांपासून सुरू झाली, तरी तिची वाट माशाच्या पोटातून जाते.

३/
प्रथम मासा. सॅमन म्हटले की समुद्रातून नदीत चढणारा, धबधब्यावरून उड्या मारणारा मासा डोळ्यांपुढे येतो. प्रशांत महासागराच्या उत्तर भागातील सॉकाय सॅमन त्यांपैकीच एक. मात्र याच सॉकायची एक शाखा समुद्राकडे पाठ फिरवून राहिली. हिमयुग ओसरताना तयार झालेल्या तलावांत काही सॉकाय राहिले, तेथेच वाढू लागले, तेथेच विऊ लागले. हाच कोकनी. शास्त्रीय नाव दोघांचे एकच : ऑन्कोरिंकस नेर्का. सॉकाय समुद्रातले भरपूर अन्न खाऊन दोन-तीन किलोंचा होतो. कोकनी तलावातल्या बेताच्या अन्नावर बहुधा वीतभर किंवा हातभर वाढून थांबतो.

४/
‘कोकनी’ हे नाव ऐकून मराठी कान टवकारतात, परंतु आपल्या कोकणाशी त्याचा काही संबंध नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागात राहणाऱ्या सेलिश भाषक आदिवासींच्या भाषेतला तो शब्द आहे, आणि त्याचा अर्थ बहुधा ‘लाल मासा’ असा सांगितला जातो.

युरोपीय विज्ञानाच्या दप्तरी या माशाची नोंद १८६१ मध्ये झाली. अमेरिका आणि ब्रिटिश मुलूख यांच्यातील ४९व्या अक्षांशावरची सीमा आखणाऱ्या पथकात डॉ. कॅलेब केनर्ली हे निसर्ग-अभ्यासक होते. चिलिवॅक तलावातून त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून जॉर्ज सकली यांनी या माशाला केनर्लींचे नाव दिले. त्याच वर्षी मायदेशी परतताना केनर्ली समुद्रावर वारले. पुढे तो वेगळा मासा नसून सॉकायच असल्याचे ठरले, आणि विज्ञानाने दिलेले ते नाव मागे पडले. आदिवासींचे नाव मात्र टिकले.

५/
हा मासा लाल का, हेही सांगण्याजोगे आहे. एरवी तो चांदीसारखा चकचकीत असतो. तीन-चार वर्षांचा झाला की शरदात प्रवाहात चढतो, अंगाने तांबडालाल आणि डोक्याने हिरवा होतो, अंडी घालतो आणि मरतो. हा लाल रंग त्याच्या अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. समुद्रात ती मुबलक असतात, तलावात कमी. सॉकायची पिल्ले गोड्या पाण्यातच वाढवली, तर ती वयात आल्यावर लाल न होता हिरवट राहतात. तेवढ्याच तुटपुंज्या अन्नावर कोकनी मात्र लालभडक होतो. माद्यांची आणि नरांची पसंती लाल जोडीदारालाच असल्याने, तलावात अडकलेल्या या शाखेने हजारो पिढ्यांत रंगद्रव्य साठवण्याची क्षमता वाढवली, असे संशोधक मानतात.

प्रवाहात मरून पडलेले हे लाल मासे हेच त्या गरुडांचे जेवण होते.

६/
आता खोटी माशी. कोकणात गळ टाकून मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि गळाला गरी. गरीवर कोळंबी, गांडूळ किंवा पीठ लावतात. ‘फ्लाय’ म्हणजे यातले काहीच न लावता रिकाम्या गळावर पिसे, लोकर आणि रेशीम गुंडाळून केलेला कीटकाचा आभास. त्याला वास नाही, चव नाही. माशाने केवळ डोळ्यांनी फसावे, एवढाच त्याचा भरवसा.

इ.स. २०० च्या सुमारास रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एलियनने मॅसिडोनियातील अस्त्रायस नदीकाठच्या लोकांविषयी लिहिले आहे. तेथे नदीवर एक विशिष्ट माशी घोंगावते आणि ठिपकेदार मासे ती पाण्यावरच टिपतात. खरी माशी हाताळली की तिचा रंग जातो, पंख चुरगळतात, म्हणून ती गळाला लावता येत नाही. तेव्हा लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे त्यावर बांधतात. फ्लाय बांधण्याचे हे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन मानले जाते.

७/
यानंतरचा मोठा टप्पा इंग्लंडचा. १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या मासेमारीवरील एका इंग्रजी प्रबंधात बारा माश्यांच्या कृती आहेत. त्याचे श्रेय ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीला दिले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक आले, आणि त्याच्या १६७६च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने फ्लायचा भाग जोडला.

व्हिक्टोरियन काळात मात्र या कलेचे रूप पालटले. सॅमनसाठीच्या फ्लाय म्हणजे दागिनेच झाले. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून पक्ष्यांची पिसे लंडनला येऊ लागली, आणि येथे सह्याद्रीचा संबंध येतो.

८/
आपल्या घाटातला राखाडी रानकोंबडा पहाटे जंगलात आरवताना अनेकांनी ऐकला असेल. त्याच्या मानेच्या पिसांवर पिवळसर-पांढरे चकचकीत ठिपके असतात. कोणी मेणाचा थेंब पाडून ठेवावा तसे. पिसाच्या टोकावरचा हा ठिपका फ्लायवर डोळ्यासारखा दिसतो. ‘जंगल कॉक’ या नावाने या माना हिंदुस्थानातून मोठ्या प्रमाणावर बाहेर गेल्या, आणि कित्येक नामांकित सॅमन फ्लाय या पिसाशिवाय अपूर्ण समजल्या गेल्या. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतर चोरटा व्यापार बराच काळ चालला. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, आणि परदेशातले कारागीर पिंजऱ्यात पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसे वापरतात.

मॅसिडोनियातले मेणाच्या रंगाचे पीस आणि सह्याद्रीतले मेणाच्या ठिपक्याचे पीस यांचा ऐतिहासिक धागा जुळत नाही. तरी योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

९/
या सजलेल्या माश्या खरे तर कशाचीच नक्कल नव्हत्या. नदीत चढणारा सॅमन अन्न घेणे जवळजवळ थांबवतो, त्यामुळे ‘तो काय खातो’ हा प्रश्नच तेथे फारसा उद्भवत नव्हता. तो प्रश्न गांभीर्याने विचारला तो ट्राउटवाल्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी जी. ई. एम. स्क्यूज नावाचे लंडनचे एक वकील पकडलेल्या ट्राउटच्या पोटात जेवणाच्या टेबलावरचा, हाडातला मगज काढण्याचा लांबट चमचा घालत, आत सापडलेले सर्व बशीतल्या पाण्यात पसरत आणि त्यावरून फ्लाय बांधत. त्यांच्या समकालीनांपैकी काहींना हे बरेच अशिष्ट वाटले. त्या चमच्याने त्या काळच्या कितीतरी सुंदर पुस्तकांहून अधिक ज्ञान दिले, असे म्हणावे लागते.

१०/
स्क्यूज वाहत्या पाण्यावर गरवत. स्थिर पाण्यासाठी हेच काम डॉ. हॉवर्ड बेल यांनी केले. ब्रिस्टलजवळचा ब्लॅगडन जलाशय १९०४ पासून ट्राउटच्या मासेमारीला खुला झाला होता. नदीवरच्या भडक माश्या लोक तेथेही वापरत. पहिल्या महायुद्धानंतर तेथे आलेले डॉ. बेल माशांची पोटे उघडून पाहू लागले, तेव्हा त्यांना सापडले ते वेगळेच. तळाच्या गाळात वाढणाऱ्या कायरोनोमिड या न चावणाऱ्या चिलटांचे कोष, शेकड्यांनी. चिलटाचा कोष गाळातून सुटतो, हळूहळू पृष्ठभागाकडे चढतो आणि तेथे फुटून पंख उघडतो. त्या चढणीतच मासे त्याला टिपतात. डॉ. बेल यांनी त्याची साधी, बारीक, काळसर नक्कल बांधली. ‘बझर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलावातल्या फ्लायच्या मोठ्या घराण्याच्या मुळाशी त्यांचे हे काम आहे.

११/
आता हा चमचा कोकनीच्या पोटात घालू. तेथे गरवणाऱ्याची निराशा होते, कारण आत दिसतो तो नुसता लालसर लगदा.

कोकनी हा प्राणीप्लवक खाणारा मासा. त्याच्या कल्ल्यांच्या आतल्या कमानींवर कंगव्यासारखे दाट, लांब दाते असतात, आणि पाण्यातून टिपलेले सूक्ष्म जीव त्या दातांत अडकतात. त्याचे आवडते खाद्य डॅफ्निया, म्हणजे पाण्यात झटके देत पोहणारा, पिसवेसारखा दिसणारा एक कवचधारी जीव. त्याची लांबी एक-दोन मिलिमीटर. एवढ्याचा गळ होत नाही. झालाच, तरी एका तलावातल्या अब्जावधी डॅफ्नियांमध्ये तुमचा एक कोकनीने का निवडावा?

१२/
म्हणून तलावांतला कोकनी पकडणारे बहुसंख्य लोक फ्लायच्या वाटेला जात नाहीत. ते होडी संथ चालवत मागे चकचकीत पत्र्यांची माळ ओढतात, तिच्या शेवटी लाल मणी, लहान गळ आणि त्यावर पांढऱ्या मक्याचा दाणा. हे नक्कल करणे नव्हे, डिवचणे आहे.

फ्लायवाल्यांना जी संधी मिळते ती डॉ. बेल यांच्या चिलटांमुळे. वसंतात बर्फ वितळल्यावर पाणी वरपासून खालपर्यंत थंड असते, कोकनी वर येतात, आणि त्याच सुमारास कायरोनोमिड निघू लागतात. काही आठवडे डॅफ्नियाच्या जोडीने हे कोषही कोकनीच्या पोटात सापडतात. उन्हाळा चढला की वरचे पाणी तापते आणि कोकनी दहा-बारा अंशांच्या थंड थरात, पंधरा-वीस मीटर किंवा त्याहूनही खोल जातात. मग फ्लायची दोरी तेथवर पोहोचवणे म्हणजे संयमाची परीक्षा.

१३/
ही फ्लाय बांधायला फारसे लागत नाही. बारा किंवा चौदा नंबरचा किंचित वाकडा गळ पकडीत धरायचा. लाल धागा डोळ्यापासून वाकापर्यंत एकावर एक वेढे न चढवता सपाट न्यायचा. जाडी वाढली की नक्कल बिघडते. तांब्याची किंवा चांदीच्या रंगाची बारीक तार परतीच्या वाटेवर विरळ गुंडाळायची, त्याने कोषाच्या अंगावरची वलये दिसतात. डोळ्यापाशी मोराच्या पिसाच्या एक-दोन काड्यांनी छातीचा फुगवटा, पुढे पांढऱ्या धाग्याचा इवलासा तुरा म्हणजे कोषाचे कल्ले. काहीजण त्याऐवजी तित्तिराच्या मऊ पिसाचा एकच वेढा देतात. दुसरा वेढा दिला की बहुधा बिघडते.

ती पाण्यात टाकल्यावर बुडू द्यायची आणि दोरी बोटांवर इतकी सावकाश गोळा करायची की ओढतो आहोत हे स्वतःलाही जाणवू नये. मासा लागला तर झटका द्यायचा नाही. कोकनीचे तोंड कागदासारखे मऊ असते. झटक्याने गळ फाडून निघतो.

१४/
रंगाच्या बाबतीत मात्र सर्वांचे एकमत : लाल, केशरी किंवा गुलाबी. गाळातल्या कायरोनोमिडच्या काही अळ्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात. कोकनी खातो ते काही सूक्ष्म जीवही कॅरोटिनॉइडमुळे तांबूस असतात. नेमके कोणते कारण, यावर गरवणाऱ्यांत जितकी तोंडे तितकी मते. एलियनच्या लाल लोकरीपासून येथवर लालच चालत आला आहे, एवढे खरे.

१५/
येथपर्यंत ‘मासा काय खातो’ याचे उत्तर चुकले, तर गरवणारा रिकाम्या हाताने घरी जात होता. १९४९ मध्ये हाच प्रश्न संपूर्ण तलावाच्या पातळीवर सोडवण्याचा प्रयत्न झाला.

ब्रिटिश कोलंबियातील कुटनी तलाव शंभर किलोमीटरहून लांब आणि दीडशे मीटर खोल. तेथील रेनबो ट्राउट मोठे झाल्यावर कोकनी खाऊन प्रचंड वाढतात. पण लहान ट्राउटला मधल्या वयात पुरेसे अन्न नाही, असे मत्स्यखात्याचे निदान होते. उपाय म्हणून अल्बर्टातील वॉटरटन तलावातून मायसिस हा जीव आणून सोडण्यात आला. दिसायला अगदी आपला जवळा : दीड-दोन सेंटिमीटर, पारदर्शक, काळ्या डोळ्यांचा. शास्त्राच्या दृष्टीने ती खरी कोळंबी नाही, पण तिकडेही लोक तिला कोळंबीच म्हणतात.

१६/
दहा-बारा वर्षे काहीच दिसले नाही. मग १९६०च्या दशकात मायसिस उदंड झाले आणि अनपेक्षित गोष्ट घडली. ट्राउटऐवजी कोकनीच वाढले, आणि तेही तलावाच्या एकाच भागात. नेल्सन गावाकडे जाणाऱ्या पश्चिम फाट्यातले कोकनी एकाएकी कितीतरी पट मोठे होऊ लागले. एरवी वीतभर असणारा मासा किलोंत तोलला जाऊ लागला. दूरदूरहून लोक गळ घेऊन तेथे आले.

बातमी सर्वत्र पोहोचली. अन्न घाला, मासा फुगेल, इतके सोपे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांनी आणि कॅनडाने कोकनीच्या शंभराहून अधिक तलावांत मायसिस सोडला. स्वीडननेही आपल्या तलावांत तो सोडला.

१७/
पश्चिम फाट्याचे गुपित कोणी उघडून पाहिले नव्हते. मायसिस दिवसा खोल, अंधाऱ्या तळाशी राहतो आणि रात्री वर चढतो. कोकनी डोळ्यांनी शिकार करतो, म्हणजे दिवसा. दोघांची गाठच पडत नाही. रात्रीच्या अंधारात मायसिस वर येऊन डॅफ्निया खातो आणि उजाडण्यापूर्वी खाली जातो. कोकनी सकाळी जेवायला येतो तेव्हा पान रिकामे असते. ज्याला ताटातले अन्न म्हणून आणले, तो त्याच ताटात जेवणारा निघाला.

मग पश्चिम फाट्यात वेगळे काय होते? तेथे तलावाचे पाणी एका उथळ उंबरठ्यावरून बाहेर पडते. रात्री वर आलेले मायसिस प्रवाहाबरोबर त्या उंबरठ्यावरून उथळ फाट्यात ओढले जात, आणि दिवस उजाडल्यावर लपायला खोल तळच नसे. फक्त तेथेच कोकनीला मायसिस दिवसाउजेडी मिळत होता. अपवादाला नियम समजून शंभर तलाव त्या साच्यात घातले गेले. १९९१ मध्ये मार्टिन आणि नॉर्थकोट या संशोधकांनी, कुटनी हा अनुकरणासाठी अयोग्य नमुना होता, असे थेट आपल्या लेखाच्या शीर्षकातच म्हटले. तोवर पश्चिम फाट्यातले ते प्रसिद्ध कोकनीही ओसरले होते.

१८/
आता पुन्हा मोंटानात. फ्लॅटहेड तलाव सुमारे ५०० चौरस किलोमीटरचा, आणि त्याचा दक्षिणेकडील अर्धा भाग सेलिश आणि कुटनी आदिवासींच्या राखीव प्रदेशात. येथला मूळचा मासा बुल ट्राउट आणि कटथ्रोट ट्राउट. लेक ट्राउट १९०५ मध्ये बाहेरून आणून सोडला गेला, कोकनी १९१६ मध्ये. म्हणजे ज्या कोकनीसाठी पुढे हळहळ व्यक्त झाली तोही पाहुणाच होता. परंतु पाहुणा रुळला. कटथ्रोटला मागे सारून तो तलावातला मुख्य मासा झाला, आणि शरदात तलावातून वर, जवळजवळ शंभर किलोमीटर चढून मॅकडोनाल्ड क्रीकमध्ये विऊ लागला. गरुड तेथे जमू लागले ते त्यानंतर. त्यांच्या नोंदी १९३९ पासूनच्या आहेत.

१९/
फ्लॅटहेड तलावात मायसिस कोणी सोडलाच नाही. १९६८ ते १९७६ या काळात तो वरच्या अंगाच्या काही तलावांत सोडला गेला, आणि पाण्याबरोबर खाली आला. १९८१ मध्ये तो फ्लॅटहेडमध्ये प्रथम सापडला. वर ६३९ गरुडांची मोजणी झाली ते हेच वर्ष. १९८६ पर्यंत तलावाच्या दर चौरस मीटरखाली शंभराहून अधिक मायसिस होते. मोठ्या जातींचे डॅफ्निया जवळपास नाहीसे झाले.

मॅकडोनाल्ड क्रीकमध्ये १९८५ साली सुमारे १,१८,००० कोकनी विण्यासाठी आले होते. १९८७ मध्ये ३३०. १९८९ मध्ये पन्नासच्या आसपास.

२०/
आरंभी संशय धरणांवर गेला, आणि तो अवास्तव नव्हता. हंग्री हॉर्स आणि केर या धरणांमुळे पाण्याची पातळी वरखाली होई, काठाजवळ घातलेली अंडी उघडी पडून मरत. अतिरेकी मासेमारीकडेही बोट दाखवले गेले. या कारणांनी कोकनी आधीच दुबळे झाले असतील. पण धरणे दशकानुदशके उभी होती आणि कोकनी त्यांच्यासह जगत आले होते. दोन वर्षांत लाखाचे तीनशे होण्याला धरणे पुरेसे कारण ठरत नाहीत.

उलगडा झाला तो मायसिसच्या दुसऱ्या परिणामातून. तळाशी राहणाऱ्या लहान लेक ट्राउटला मायसिस सहज मिळत होता. आजवर जी पिल्ले उपाशी मरत ती जगू लागली, मोठी झाली आणि उरलेल्या कोकनींवर तुटून पडली. खाली अन्न संपले, वर शिकारी वाढले. कोकनी या दोन जात्यांत भरडला गेला. पुढे काही वर्षे कोकनीची लक्षावधी पिल्ले मत्स्यबीज केंद्रातून आणून सोडण्यात आली. ती लेक ट्राउटची मेजवानी ठरली, आणि प्रयत्न सोडून देण्यात आला.

२१/
हानी गरुडांपुरती राहिली नाही. अस्वले, पाणमांजरे, कोल्ह्यांसारखे कायोटी, पाण्यात बुडी मारणारे पक्षी असे अनेक जीव त्या मेलेल्या माशांवर शरद काढत. तेही पांगले. बॉल्ड ईगल एकंदरीत देशभर सावरत होता, त्यामुळे गरुड मेले असे नव्हे. ते दुसरीकडे गेले. मात्र मूळचा बुल ट्राउट लेक ट्राउटच्या तोंडी सापडला, आणि आदिवासींचा तो पिढ्यानपिढ्यांचा मासा. सेलिश आणि कुटनी आदिवासींचा महासंघ आज लेक ट्राउट कमी करण्यासाठी जाळी टाकतो, बक्षिसे लावून मासेमारीच्या स्पर्धा भरवतो. तलावातून मायसिस काढता येत नाही. त्याच्यावर पोसलेला मासा काढता येतो, तेवढाच उपाय हाती आहे.

२२/
सर्वत्र शेवट सारखा झाला नाही. आयडाहोतील पेंड ओरेल तलावात एकेकाळी वर्षाला दहा लाखांच्या आसपास कोकनी पकडले जात. तेथेही मायसिस आला, लेक ट्राउट माजला, आणि २००० साली कोकनीच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. त्यानंतर जाळ्यांनी लेक ट्राउट इतका उपसला गेला की २०१३ मध्ये कोकनीची मासेमारी पुन्हा सुरू झाली.

कुटनी तलावात तर १९९२ पासून दर उन्हाळ्यात जहाजातून चक्क द्रवरूप खत ओततात. वरच्या धरणांनी गाळाबरोबर पोषकद्रव्ये अडवली, म्हणून आधी खत, खतावर शेवाळ, शेवाळावर डॅफ्निया आणि डॅफ्नियावर कोकनी, अशी ही साखळी हाताने चालवावी लागते. त्यातला काही वाटा मायसिसही खातो. खत ओतूनही २०१० नंतरच्या दशकात तेथला कोकनी पुन्हा कोसळलाच.

२३/
या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि ते कोलोरॅडोत सापडते. तेथील डिलन आणि रुडाय या जलाशयांत मायसिस सोडला गेला तो याच कुटनीच्या लाटेत. पण जलाशयाच्या तळाशी राहणारा मायसिस धरणाच्या खालच्या दरवाजांतून पाण्याबरोबर बाहेर फेकला जातो. खाली ब्लू आणि फ्राइंगपॅन या उथळ नद्यांत त्याला लपायला जागा नसते. धरणाच्या पायथ्याचे ट्राउट तोंड उघडून उभे असतात, आणि त्यांची वाढ पाहून लोक थक्क होतात. पश्चिम फाट्याचा उंबरठा येथे काँक्रीटचा झाला, एवढाच फरक.

त्यामुळे कोलोरॅडोतल्या कारागिरांच्या पेटीत आज मायसिसची फ्लाय असते. तिच्या दोन जाती बांधाव्या लागतात. जिवंत मायसिस काचेसारखा पारदर्शक असतो, त्यासाठी पातळ प्लॅस्टिकचा धागा. दरवाजातून आदळून मेलेला काही वेळात दुधी पांढरा होतो, त्यासाठी पांढरे तंतू. सोळा किंवा अठरा नंबरचा गळ, मागे विरळ शेपटी, पुढे दोन काळे ठिपके डोळ्यांसाठी. बहुतेक दिवशी पांढरी चालते.